फ्लेक्काच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची घंटा आहे. त्याच्याही आधी मी कॉफीची किटली होते, आणि या खोऱ्यातल्या घराघरांतल्या भानगडी उकळत्या पाण्यासकट माझ्या पोटात आहेत. सांगण्यासारख्या फार थोड्या. बाकीच्या तुम्ही मोठे झालात की सांगेन.

माझं बूड गळायला लागलं, तसं होल्सगेर्दी नावाच्या शेतवाडीवरच्या म्हाताऱ्यानं मला ठोकून ठोकून घंटा केलं. आत जीभ म्हणून घोड्याच्या नालाचा खिळा लटकवला. आधीच मी बडबडी, त्यात जीभ मिळाली, मग काय विचारता. पहिल्या दिवशी मी अशी वाजले, की समोरच्या डोंगरावरचा बर्फ घसरला आणि तळ्यातले मासे कोण आलंय ते बघायला वर आले. म्हातारा म्हणाला, हिला माणसांत ठेवायची सोय नाही, हिला मेंढीलाच बांधा.

तशी मी पुढारणीच्या गळ्यात आले.

आमच्या आइसलँडात पुढारीण मेंढी म्हणजे निराळीच जात. बाकीच्या मेंढ्या पांढऱ्या, गुबगुबीत, खाऊन-पिऊन सुखी. पुढारीण मात्र सडपातळ, उंच पायांची, अंगावर काळे ठिपके, आणि नजर अशी की सासूबाई सुनेच्या स्वयंपाकघरात शिरल्यात. मांस म्हणाल तर पातेल्याच्या तळाला लागणार नाही. तरी लोक तिला घासातला घास काढून पोसतात. कारण उन्हाळाभर मेंढ्या वरच्या पठारावर मोकळ्या चरतात, आणि बर्फ पडायच्या आत त्यांना खाली आणावं लागतं. वाटेत धुकं उतरतं, नद्या फुगतात, वादळं येतात. तेव्हा पुढारीण पुढं होते आणि कळप तिच्या मागं निघतो. तिला हे कुणी शिकवत नाही. ती आईच्या पोटातूनच शिकून येते.

एकीच्या गळ्यातून दुसरीच्या, असं करत मी फ्लेक्काच्या गळ्यात आले. फ्लेक्का ओड्नीची. ओड्नी म्हणजे मला ठोकणाऱ्या म्हाताऱ्याची नात. उंच, हाडापेरानं मजबूत, पण आवाज इतका हळू की तिच्या हाकेला कुत्रंसुद्धा आधी कान टवकारायचं आणि मग यायचं. माझा आवाज मोठा. त्यामुळं मला वाटायचं, पुढारीण खरी मीच. मी वाजते म्हणून मेंढ्या चालतात. फ्लेक्काचा गळा काय, नुसती खुंटी.

आणि मित्रांनो, असं वाटणारी मी एकटी नव्हते.

मेंढ्या आणायला जाणाऱ्यांचा एक म्होरक्या असतो. त्याला आमच्याकडं डोंगरराजा म्हणतात. त्याला मुकुट नाही की पगार नाही, पण पठारावर त्याचा शब्द शेवटचा. वर्षानुवर्षं हा मान स्टेइंग्रीमूरचा होता. त्या शरदात त्याचा पाय मोडला आणि खोऱ्यातल्या लोकांनी थोरगिल्सला राजा केलं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात, तसं झालं. थोरगिल्स माणूस वाईट नव्हता. घोडा झकास, आवाज झकास, गाणं म्हणायला लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. शिवाय बोल्ली नावाचा त्याचा मेंढा जत्रेत पहिला आलेला. अंगानं सोफ्याएवढा, आणि अक्कलही साधारण सोफ्याएवढीच.

निघण्याआधी थोरगिल्स स्टेइंग्रीमूरला भेटायला गेला. म्हातारा पलंगावर पाय टांगून, नाकात तपकीर भरत बसला होता. त्यानं एवढंच सांगितलं, की फ्लेक्का निघायला नाही म्हणाली तर निघू नकोस.

थोरगिल्स हसला. "म्हणजे मी राजा, आणि परवानगी मेंढीची?"

"मी उभा जन्म तेच केलं," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर अजून जिवंत आहे."

पठारावर काम चांगलं झालं. दऱ्याखोऱ्यांतून मेंढ्या हुसकून माणसांनी डोंगरातल्या झोपडीपाशी आणल्या आणि दगडी वाडग्यात कोंडल्या. संध्याकाळी झोपडीत थोरगिल्स शेगडीजवळच्या उबदार जागेवर बसला आणि उद्या आपण कसे झोकात गावात शिरू ते सांगायला लागला. सगळं खोरं वाट बघत असणार, कॉफी उकळत असणार. लोक धुरावलेलं मटण चावत ऐकत होते. ओड्नी सगळ्यांचे ओले मोजे शेगडीवर वाळत घालत होती. प्रत्येक मोजा हातात घेऊन, फिरवून बघत होती. कुणाचा फाटलाय, कुणाच्या टाचेला रक्त लागलंय. लोफ्तूर नावाचा एक गलेलठ्ठ, सदा हसरा गडी होता. तो म्हणाला, "ओड्नी, माझ्या मोज्यांचा वास घेऊन तू बेशुद्ध पडलीस तर उद्या तुला उचलणार कोण?" ती नुसती हसली, आणि त्याच्या मोज्याचं भोक शिवायला घेतलं.

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. उन्हाळाभर मी ओड्नीकडं असायची आणि खाली उतरायच्या सकाळी फ्लेक्काच्या गळ्यात जायची, ती ही वेळ. पण फ्लेक्का वाडग्याच्या आतल्या भिंतीला तोंड लावून उभी, आणि पाय आपटतेय. दार उघडलं तरी हलेना. ओड्नीनं तिच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि म्हणाली की आज राहूया.

थोरगिल्सनं लांबवर हात दाखवला. ढगाचा ठिपका नव्हता. "खाली सगळं गाव खोळंबलंय," तो म्हणाला. "त्यांना काय सांगू, मेंढी रुसली म्हणून?" मग त्याला एक नामी युक्ती सुचली. कळप घंटेमागं चालतो, मग घंटाच आपल्या बोल्लीच्या गळ्यात असली तर? त्यानं हात पुढं केला. ओड्नीनं मला त्याच्या हातात ठेवलं.

"घंटा घे," ती म्हणाली. "पण ती निघत नाहीये, थोरगिल्स."

"मी निघतोय. राजा मी आहे."

खोटं कशाला सांगू, मी खूश झाले. बोल्लीचा गळा रुंद, झोकदार. पाऊल टाकलं की मी खणखण वाजायची. फ्लेक्काच्या गळ्यात मी चालताना फारशी वाजतच नसे, ती चालायचीच मुळी पाण्यासारखी. आता मात्र माझा तोरा बघावा. माणसं निघाली, कारण राजाचा शब्द मोडायची रीत नाही. कुत्री पाठीशी लागली म्हणून मेंढ्याही निघाल्या. ओड्नी मागं राहू शकली असती. पण ती आली, आणि ती आली म्हणून फ्लेक्काही आली, सगळ्यांच्या कडेकडेनं, नाखुशीनं.

दुपारी वादळ आलं. आलं म्हणजे कुणी आभाळाचं पोतं फाडून आमच्यावर ओतावं तसं. शेजारच्या घोड्याचे कान दिसेनात. थोरगिल्सनं हाका मारायला सुरुवात केली, पण वाऱ्यानं त्याच्या तोंडातली हाक उचलली आणि पलीकडच्या खोऱ्यात नेऊन टाकली. तिथं एका म्हातारीनं आले आले म्हणत दार उघडलं, असं पुढं ऐकलं. आमच्यापर्यंत काही पोचलं नाही.

बोल्ली एका खोलगट जागी शिरला आणि बसला. मागोमाग मेंढ्याही तिथंच एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मित्रांनो, खळग्यात थांबलेला कळप बर्फाखाली गाडला जातो आणि वसंतातच सापडतो. खोऱ्यातल्या घराघरांची वर्षाची कमाई त्या खळग्यात उभी होती, आणि आजूबाजूला माणसं गारठत होती. थोरगिल्स बोल्लीची शिंगं धरून ओढत होता. मग त्यानं मला हातात धरून जीव खाऊन वाजवलं. मी वाजले. माझ्या जन्मात वाजले नाही इतकी वाजले. एका मेंढीनं ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात बाजूनं फ्लेक्का गेली. गळ्यात काही नाही. मान खाली, तोंड वाऱ्यात, नदीच्या उताराकडं नाही तर वरच्या डोंगरधारेकडं. थोडी गेली, थांबली आणि मागं वळून पाहिलं. पहिली मेंढी निघाली. मग दुसरी. मग खळगाच्या खळगा हलायला लागला.

थोरगिल्स ओरडला की ती चुकतेय, जवळची वाट खाली आहे. माणसं दोघांच्या मध्ये उभी. ओड्नी त्याच्याजवळ आली, अगदी कानापाशी.

"मी तिच्या मागं जातेय," ती म्हणाली. "नदी फुगली असणार. लोफ्तूरची टाच सोललीय, तो सांगणार नाही. त्याला तुझ्या घोड्यावर बसव. आणि थोरगिल्स, शेवटी कुणीतरी भक्कम हवं. माझ्याच्यानं दोन्हीकडं होणार नाही. तू मागं राहतोस?"

तिनं हुकूम केला असता, तर तो भांडला असता. तू चुकलास म्हणाली असती, तरी भांडला असता. ती विचारत होती. आणि तिला माहीत होतं, कुणाची टाच सोललीय. थोरगिल्सनं बर्फ पुसला, लोफ्तूरला घोड्यावर चढवलं, बोल्लीची शिंगं धरली आणि कळपाच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. बाकीची माणसं कुणी न सांगता ओड्नीच्या मागं लागली.

आता मी सगळ्यांच्या शेवटी होते. थोरगिल्स मेंढ्याला ओढायचा, मेंढा अडायचा, मी वाजायची. तो दमून थांबला की मी गप्प. आणि मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी गप्प झाले की पुढचा अख्खा कळप थांबायचा. तिकडं धारेवर फ्लेक्का थांबलेली असायची, मान वळवून. मी पुन्हा वाजले, की शेवटचा येतोय हे तिला कळायचं, आणि ती पुढं पाऊल टाकायची.

तेव्हा माझ्या तांब्याच्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी तिच्या गळ्यात होते. चालताना मी वाजत नव्हते. मी वाजायची ती मान वळायची तेव्हा. मागं राहिलेलं कोकरू बघायला, लंगडणारी म्हातारी मेंढी बघायला ती वळायची, आणि मला हिसका बसायचा. कळपाला माझ्या आवाजाशी देणंघेणं नव्हतं. तो आवाज आला, म्हणजे तिनं आपल्याकडं पाहिलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. माझ्या जिभेचं बळ तिच्या मानेत होतं.

थोरगिल्सलाही ते उमगलं असावं. कारण त्यानंतर दम लागला तरी तो मला एका हातानं हलवत राहिला. थांबला नाही. बोटं निळी पडली, तरी थांबला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही खाली गावच्या दगडी वाडग्यापाशी पोचलो. सगळं खोरं कंदील घेऊन उभं. स्टेइंग्रीमूर खुर्चीवर, मोडका पाय पोत्यावर. माणसं धावत थोरगिल्सकडं गेली, पाठ थोपटायला, राजा म्हणून. त्याला घेता आलं असतं ते सगळं. लोफ्तूर काही बोलला नसता, तो आधीच कॉफीत बुडाला होता.

थोरगिल्स म्हणाला, "माझी पाठ कशाला थोपटताय? मी तर शेवटी होतो."

मग त्यानं मला बोल्लीच्या गळ्यातून सोडलं आणि स्वतःच्या हातानं फ्लेक्काला बांधलं. बोटं वळत नव्हती, त्यामुळं गाठ काही जमेना. ओड्नीनं बोट धरलं गाठीवर. स्टेइंग्रीमूर तपकीर ओढत म्हणाला, "परवानगी घेतलीस का मेंढीची?" आणि सगळ्यात मोठ्यानं थोरगिल्सच हसला.

पुढच्या शरदात राजा निवडायची वेळ आली, तेव्हा ओड्नीचं नाव निघालं. ती म्हणाली, हे काम माझं नाही, मला घसा नाही.

"घसा माझा घे," थोरगिल्स म्हणाला. "ओरडायचं काम मी करतो. तू फक्त मागं बघत जा."

तेव्हापासून तसंच चाललं. त्या जोडीनं कितीतरी शरद कळप सुखरूप खाली आणले. एकदा तर धुकं इतकं दाट होतं, की लोफ्तूरनं त्याचा तुकडा कापून लोणी लावून खाल्ला. तेही कधीतरी सांगेन.

आता फ्लेक्का नाही. लोक चारचाकी मोटारसायकली घेऊन पठारावर जातात, आणि मी ओड्नीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. पाहुणे मला टणकन वाजवतात आणि म्हणतात, वा, काय गोड आवाज. कुणी कुणी मला घासून चकचकीत करायच्या गोष्टी करतं. मित्रांनो, मला घासू नका. मला कपाटात जपू नका. मी शोभेची नाही आणि शोभेची होणारही नाही. मला गळा पाहिजे.

आणि तुम्हीही कुणाच्या मागं निघण्याआधी एवढं करा. त्याचा आवाज किती मोठा आहे ते बघू नका, आवाज काय, किटलीलासुद्धा असतो. त्याची मान बघा. ती वळते का? आणि तुम्हीच पुढं असाल, तर मग दुसऱ्याची वाट बघू नका, स्वतः वळा.

परवा अंगणात एक ठिपकेवालं कोकरू इतरांच्या पुढं उड्या मारत चाललं होतं. पाय उंच, मान काडीएवढी. मागं एक लंगडं कोकरू राहिलं. ठिपकेवालं थांबलं आणि वळून बघत उभं राहिलं. मित्रांनो, वारा नव्हता, पाहुणा नव्हता, मी खिळ्यावर होते, तरी मी वाजले.

खोटं वाटत असेल तर ओड्नीला विचारा. तिनं ते ऐकलं, आणि ती माझ्यासाठी नवा पट्टा कापायला बसली आहे.