मिगोत मध्ये निजतो

पहाटे जाग आली की राडिंगला आधी ओल्या जाळ्याचा वास यायचा. मग कळायचं, आपल्या आणि अज्वांगच्या मध्ये कुणीतरी निजलंय. तो डोळे उघडत नसे, उघडायची गरजच नव्हती. मिगोत जिवंतपणी जसा श्वास घ्यायचा, आत ओढताना बारीक शीळ वाजवत, तसाच श्वास त्याच्या कानाशी चाललेला असे.

मिगोत त्याचा थोरला भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी वाऱ्यावादळात सरोवरात गेला, तो परतलाच नाही. राडिंगची स्वतःची बायको त्याआधीच वारली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं आणि लुओ जमातीच्या रीतीप्रमाणे राडिंग विधवा भावजयीच्या, अज्वांगच्या, घरात तिचा नवरा म्हणून राहायला आला. सुरुवातीला रीत म्हणून, पुढे जीव जडला म्हणून. काठावर होड्या बांधायचं त्याचं काम. तेव्हा ओली फळी एकटा खांद्यावर टाकून चढ चढून यायचा आणि वर हसायचा.

आता साठी उलटली आणि आतून काहीतरी झिरपून गेलं. लाकूड तासायचा वाकस जरा चालवला की दंड भरून येत. दुपारी अर्धवट होडीच्या सावलीत आडवा झाला की उठवत नसे. दाढी आठवडा-आठवडा करायची गरज पडेना. बसल्याबसल्या मानेवरून घामाची लाट जाई. रेडिओवर मयताच्या बातम्या लागल्या की कुठल्या कोण अनोळखी म्हातारीसाठी डोळे भरून येत. आणि अज्वांगकडे वळावं ही इच्छाच विझून गेली. एकदोनदा तो बळेच वळला. अंगाने साथ दिली नाही, आणि नेमका त्याच वेळी तो वास आला. तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं, भाऊ आपली बायको परत न्यायला आलाय.

रीत मोडली की माणूस आतल्या आत वाळत जातो, त्याला लुओ लोक चिरा म्हणतात. आपण कुठली रीत मोडली, हेच राडिंग रंधा मारता मारता आठवत राही.

ओगुटू कोळी एकदा होडी बघायला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे राडिंग, होडी बांधतोयस की नातवाला झोपवतोयस? वाकस मारायचा असतो, थोपटायचा नसतो!"

काठ खदाखदा हसला. राडिंगही हसला. पण दुसऱ्या बाजाराच्या दिवशी त्याने मुळ्या विकणाऱ्याकडून एक पुडी आणली. बैलाची ताकद येते म्हणाला होता तो. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी राडिंगने उरलेली सगळी भुकटी एकदम तोंडात टाकली आणि थोड्या वेळाने छाती अशी धडधडायला लागली की तो रंध्याच्या सालींवर कोसळला. भर दुपार होती. मिगोत उशाशी येऊन बसला. त्याच्या कोपरांतून पाणी ठिबकत होतं. तो नुसता रिकाम्या पुडीकडे बघत राहिला.

जेवण घेऊन आलेल्या अज्वांगने त्याला तसा बघितला. आधी तोंडावर पाणी मारलं, उठवून बसवलं. मग पुडी उचलून हुंगली.

"कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"जिच्यासाठी हे खातोस ती. माझ्यासाठी तर नाहीच. मला नुसती पाठ दाखवतोस."

"बाई नाही गं." त्याला धाप लागली होती. "मिगोत आहे. आपल्या मध्ये निजतो. रोज."

एवढं तोंडातून गेल्यावर मग काही राहिलंच नाही. वास, श्वास, अंगाने दिलेला दगा, सगळं त्याने सांगून टाकलं. अज्वांग घाबरेल, ओरडेल, असं त्याला वाटलं होतं. ती समोर मांडी घालून बसली.

"श्वास घेताना शीळ वाजते?"

"वाजते."

"मग तोच." तिने मक्याच्या घट्ट उगालीवरचं फडकं उगाचच सारखं केलं. "पण तो तुझ्यावर रागावून नाही आला. त्याचंही असंच झालं होतं, राडिंग. जायच्या आधी वर्षभर. बसल्या जागी पेंगायचा, घामाने भिजायचा, माझ्याकडे बघायचा नाही. मला वाटलं, बाहेर कुणीतरी ठेवलीय. मी माझी चटई उचलून मुलींच्या खोलीत नेली. वर त्याला म्हणाले, तुझ्यातला पुरुष कुणी खाल्ला रे?"

राडिंग सरकून तिच्या जवळ बसला.

"त्याच दिवशी वारं सुटलं होतं. एक होडी पाण्यात नव्हती. तो गेला. मला दाखवायला गेला."

"हे तू कधी कुणाला…"

"कुणाला सांगणार? मेलेल्या नवऱ्याची लाज काठावर वाळत घालू?" ती उठली. "एकाला मी असं जाऊ दिलं. उद्या सकाळी माझ्याबरोबर इस्पितळात चल. नाही म्हणालास, तर ओगुटूच्या खांद्यावरून नेईन, मग हसू दे सगळ्यांना."

इस्पितळातली डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. राडिंग जमिनीकडे बघत होता, म्हणून अज्वांगच सगळं बोलली. बाईंनी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, काही दिवसांनी पुन्हा बोलावून परत घेतलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "पुरुषाच्या अंगात एक हॉर्मोन असतं. वय वाढलं की ते थोडं थोडं उतरतंच, सगळ्यांचंच. तुमचं मात्र फारच खाली गेलंय. साखरही वाढलीय, पोट सुटलंय, त्यानेही ते खाली जातं. हा शाप नाही. आजार आहे, आणि औषध आहे."

"पूर्वीसारखा होईन?"

"खोटं सांगत नाही. तिशीतले नाही होणार. पण दिवसभर पेंगत राहणार नाही. इंजेक्शन देऊ, पण आधी प्रोस्टेट तपासू, आणि रक्त घट्ट होत नाही ना ते मधूनमधून बघत राहू. दारू बंद. ती पुडी तर पुन्हा हातात धरायची नाही."

जाता जाता राडिंग दारात थबकला आणि त्याने मिगोतचंही सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "झोप नाही, मन खचलेलं. अशा वेळी गेलेली माणसं जवळ येतात. औषधाने कमी होईल. नाही झालं तर लपवू नका, मला येऊन सांगा."

फरक एकदम पडला नाही. साखरेची गोळी, इंजेक्शन, सकाळी काठाने चालणं, असं करत पाऊस येऊन गेला. हळूहळू दुपारची झोप सुटली. वाकसाला आवाज आला. एकदा तो आपणहून अज्वांगकडे वळला. काही फार झालं नाही, पण दोघं हसली मात्र खूप.

आणि एका पहाटे वास आला नाही. मध्ये नुसती चादर होती. राडिंगला हायसं वाटलं, आणि लगेच त्याने मधल्या चादरीवरून हात फिरवून बघितला. भाऊ पुन्हा एकदा बुडाला होता.

थोड्या दिवसांनी अज्वांगचं जेवण कमी झालं. राडिंगने खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आता तो माझ्याकडे येतो. दाराबाहेर उभा राहतो. ये म्हटलं तरी आत येत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं घरामागच्या थडग्याकडे गेली. आत मिगोत नव्हता. प्रेत हाती लागलं नाही म्हणून लुओ लोक पुरतात तसं, माणसाच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरलेलं होतं. राडिंग मातीवर उकिडवा बसला.

"दादा, रक्त तपासलं मी. तुझंही तेच असणार. तुझ्यातला पुरुष कुणी खाल्ला नव्हता. आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच."

अज्वांगला बरंच काही बोलायचं होतं. तिने मातीवर हात ठेवला आणि ऊन तापेपर्यंत तो उचलला नाही.

त्यानंतर मिगोत तिला दिसतो की नाही, हे राडिंगने कधी विचारलं नाही. तो आता गाढ झोपतो. पण कधी पहाटे अर्धवट जाग येते, तेव्हा शेजारची जागा रिकामी असते. अज्वांगने दार सताड उघडलेलं असतं आणि ती एका अंगाला सरून उभी असते, कुणाला तरी वाट दिल्यासारखी.