बॉनेटखालची कणीक

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. एका लाल गाडीला दुसरा जन्म कसा मिळाला, ते आज सांगतो.

मी एक जुने इंजिन आहे. माझी उमेदीची वर्षे मुरबाडच्या एका कीर्तनकारबुवांच्या मोटारीत गेली. टपावर पेटी, डिकीत टाळ-पखवाज, आत कोंबलेली सहा माणसे. देवळाबाहेर उभ्या उभ्या इतकी कीर्तने ऐकली, की चढावर दम लागला तरी मनात विठ्ठल विठ्ठल चाले. बुवा देवाघरी गेले, मोटारीचा तळ गंजून गळाला आणि मी शहापूरच्या भंगारवाल्याच्या अंगणात पडलो. माझ्यावर कोंबड्या बसत.

तिकडे भातसानगरच्या वसाहतीत ती लाल गाडी चौदा वर्षे एका जागी उभी होती. विलायती, ठेंगणी, दोनच माणसांची, वेगासाठी घडवलेली. धरणावरच्या साहेबांनी जाताना ती आपल्या ड्रायव्हरला, काळूदादांना, कागदपत्रांसह देऊन टाकली होती. एकदा चढावर इंजिन तापले आणि दादांनी घाईत त्यात गार पाणी ओतले. इंजिनाला तडा गेला. तेव्हापासून दादा गाडी रोज पुसत, पण आत कधी बसले नाहीत.

१९९९ साली वसाहतीची नोटीस आली. मेअखेर बंद गाडी हलवा, नाहीतर ती भंगारात जाईल. दादांची लेक रत्नप्रभा शहापूरच्या शाळेत बाई होती. ती म्हणाली, टेम्पोला बांधून नेऊ.

"बांधून नाय न्यायची," दादा म्हणाले. "मी तिला मारली. मीच तिला चालवत नेन."

मग रत्नप्रभाने गाड्या दुरुस्त करणाऱ्या जयराम मेस्त्रीला गाठले. हा शनिवारच्या कीर्तनात पखवाज वाजवणारा माणूस. भंगारवाल्याकडे तीन इंजिने होती. जीपचे डिझेल ताकदीचे, पण एवढे जड की गाडीचे नाकच खाली बसले असते. दुसरे नव्या धाटणीचे, हलके. पण ते आडवे बसून पुढची चाके फिरवणारे, आणि लाल गाडी धावायची मागच्या चाकांवर. तिसरा मी, बेताच्या वजनाचा आणि मागची चाके फिरवणारा. जयरामने कोंबडी हाकलली, बॅटरी जोडली, बाटलीतून पेट्रोल पाजले. मी धडधडू लागताच त्याने माझ्यावर तळहात ठेवून डोळे मिटले.

"ह्याची लय नाय बिघडली," एवढेच तो म्हणाला. मित्रांनो, अशी स्तुती कितीतरी वर्षांनी कानी पडली.

मी गाडीत उतरलो खरा, पण बॉनेट बंद होईना. मी उंच पडलो. जो तो सांगे, बॉनेटला भोक पाडा. दादा पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. एकदा मोडली, पुन्हा नाही, म्हणाले.

जयरामने रत्नप्रभाकडे मळलेली कणीक मागितली.

"जयरामभाऊ, गाडी करताय का चपात्या?"

"सूर जुळवायला पखवाजाच्या तोंडाला लावतो ती कणीक खोटं नाय सांगत, ताई."

त्याने माझ्या डोक्यावर कणकेचे गोळे ठेवले, बॉनेट हळूच दाबले आणि उचलले. जिथे गोळा पापड झाला, तिथे मी अडत होतो. दोन बोटे जास्त. मग त्याने माझ्या तळाची तेलाची टाकी कापून उथळ आणि रुंद केली, मला खाली बसवले, हवा गाळणारी जाळी बाजूला वळवली. पुन्हा कणीक, पुन्हा कानस. तिसऱ्या खेपेला बॉनेट पुरते बसले, आणि उघडले तर गोळा गोलच.

एकतीस मे. दादा चौदा वर्षांनी आत बसले.

शेजारी बसत जयराम म्हणाला, "पाण्याचं मी बघतो, दादा. तुमी फक्त चढ बघा."

आणि मी गर्जलो! जिथे पहिले इंजिन थांबले होते, ते वळण आले आणि मागे पडले. उष्णतेचा काटा मध्यावरून हलला नाही. चढाच्या माथ्यावर लोक टाळ्या वाजवत होते. दादा थांबलेच नाहीत. रडत, हसत थेट आटगावपर्यंत गेले. पुढे दरवर्षी बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत फुलांनी सजलेली ती गाडी दादाच चालवत, आणि मी तिच्या पोटात धडधडत असे.

मित्रांनो, तापलेल्याला आधी निवू द्या, मग पाणी द्या. यंत्राला आणि माणसालाही.

कीर्तनात हार बुवांच्या गळ्यात पडतो, पखवाजवाला मागेच राहतो. जयराम २००६ साली गेला. त्याचा एक गोळा वाळून दगड झालाय, तो दादांनी गाडीच्या कप्प्यात जपून ठेवलाय. ही लाल गाडी कधी दिसली, तर रंगाचे कौतुक जरूर करा. मग त्या अखंड बॉनेटवरून हात फिरवा आणि जयरामची आठवण काढा.