आत्याच्या जोत्यापर्यंतचं पाणी

पाणथळीचा राखणदार उंच, काटकुळा आणि लांब मानेचा होता, म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणत. आज सकाळपासून तो खोटं बोलायची तयारी करत होता आणि त्या कामात तो अगदीच ढ होता.

पाणथळ अडवून धरणाऱ्या मातीच्या छोट्या बांधाची आज तपासणी होती. बांध फुटला तर खाली कुणाच्या जिवावर बेतेल का, यावर त्याचा वर्ग ठरतो. बेतणार असेल तर वरचा वर्ग, आणि वरचा वर्ग लागला की जादा पाणी वाहून जायचा सांडवा चार फूट खाली उतरवायचा. पाणी मुळात होतं कमरेएवढं. चार फूट गेलं की उरणार नुसता चिखल, आणि पाणपक्ष्यांच्या घरट्यांत तर अंडी होती.

बांधाखाली घर एकच, बगळ्याच्या आत्याचं.

आत्याला त्याने सकाळीच बसने तिच्या लेकीकडे पिटाळलं, दोरीवरचे कपडे काढले, दाराला पोतं टांगलं.

“हे काय?” तपासणीला आलेल्या इंजिनीअरबाईंनी विचारलं.

“गोदाम.”

“गोदामाच्या खिडकीत गुलाबाची कुंडी?”

“उंदीर हौशी आहेत.”

तेवढ्यात पोतं बाजूला सारून चहाचा ट्रे बाहेर आला आणि ट्रेमागोमाग आत्या.

“या कोण?” बाईंनी विचारलं.

“या... आल्यात,” बगळ्या म्हणाला.

“आल्यात? मेल्या, बावीस वर्षं राहतेय इथे! आणि बाई, बस चुकली नाही हं, मी चुकवली. पाहुणीला चहा कोण देणार, हा? याच्या चहापेक्षा ते साचलेलं पाणी बरं!”

बाईंनी घोट घेतला, मान डोलावली आणि वहीत लिहिलं: राहणारी माणसं, एक.

बगळ्याचं तोंड एवढंसं झालं.

“रडू नका,” बाई म्हणाल्या. “अजून अर्धंच मोजलंय. पाणी इथवर किती चढेल, ते राहिलंय.”

मग त्यांनी तिपाईवर दुर्बीण लावली आणि मोजपट्टी देऊन त्याला बांधापासून आत्याच्या दारापर्यंत अकरा ठिकाणी उभं केलं. “सरळ धरा. पट्टी हो, मान नव्हे!” शेवटी त्या ओट्यावर बसून आकडेमोड करू लागल्या. बगळ्याने श्वास रोखून धरला होता. आत्याने पाठीत धपाटा घातला तेव्हा सोडला.

“पाणी माळावर पसरतं,” बाई म्हणाल्या. “जोत्यापाशी नऊ इंच. जोतं दोन फुटांचं. जिवाला धोका नाही, वर्ग खालचाच. सांडवा आहे तिथे राहील. बांधावरची बिळं मात्र या महिन्यात बुजवा.”

बगळ्याने अशी आरोळी ठोकली की पाणथळीवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. त्याने आत्याला उचलून गरगर फिरवलं.

“सोड, सोड मेल्या! नऊ इंच? अख्खा बांध फुटणार आणि माझा उंबरासुद्धा भिजणार नाही? पोरी, नीट मोज!”

“परत मोजू?”

“नको!” बगळ्या ओरडला, आणि बाईंना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

वहीत रहिवाशाची सही हवी होती. आत्याने स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं, अशी तिन्ही नावं आडनावासकट लिहिली. जागा पुरेना, तेव्हा शेजारचा ‘धोका’ हा रकानाही तिने भरून टाकला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “तसंच पाठवते.”