छत्रीखालचं पाणी

बाबा गेले त्या दुपारी मी उल्हासनगरला, कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. आमच्या सोनिवलीच्या इमारतीचा वॉचमन भगवान, त्याचा फोन आला. "ताई, काका गच्चीवर पडलेत." मी पोचले तेव्हा त्यांना खाली आणून दिवाणावर ठेवलं होतं. हात अजून गरम होता. तो उन्हाने गरम होता, हे मला नंतर कळलं. बोटांवर काहीतरी खरखरीत लागलं. मी ओल्या फडक्याने पुसून काढलं.

ते गच्चीवर गेले होते ट्रे बघायला. आम्ही मूळचे उरणकडचे. आजोबांचं मिठागर होतं, ते केव्हाच गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी बाबा तिकडे एका लग्नाला गेले आणि येताना पाच लिटरच्या कॅनमध्ये मिठागराचं पाणी घेऊन आले. एका रुंद पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं, दोन-तीन बोटं भरलं.

"पावसाआधी मूठभर मीठ काढून दाखवतो तुला."

"बाबा, घरात दोन पुड्या पडल्यात."

"ते मीठ नाय. पावडर हाय ती."

तेरावं झाल्यावर मी वर गेले. पाणी हिरवट होतं. बाबांची काळी छत्री उघडून मी ट्रेवर धरली आणि टाकीच्या पाइपला सुतळीने बांधून टाकली. रोज कामावर निघण्याआधी वर जायचे, गाठ बघायचे, पाणी कमी वाटलं तर तांब्याभर नळाचं घालायचे. बाकी जेवत होते, झोपत होते. रडू आलं नव्हतं. ग्रंथालयात लोक माझ्याशी हळू बोलत. तिथे तसंही हळूच बोलतात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये नोटीस लागली. वॉटरप्रूफिंगसाठी बावीस तारखेपर्यंत गच्ची रिकामी करावी. त्याच दिवशी भिमाआत्या राहायला आली. बाबांची मोठी बहीण, सत्तरीची, निम्मं आयुष्य मिठागरात राबलेली. गुडघे धरत वर आली, ट्रेपाशी बसली, बोट बुडवून जिभेला लावलं.

"काय गो नेत्रा, ह्यात नळाचं पानी घातलंस?"

"आटत होतं, आत्या."

"आटायलाच ठेवतात त्याला! आन् ही छत्री कशाला?"

"ऊन फार आहे."

"मग पंखा पन लाव. नायतर एसीत नेऊन ठेव." ती हसली. मी हसले नाही, तशी थांबली. "बाय, पानी तांबडं झाल्याबिगर मीठ पडत नाय. तुझ्या बापाला, महिपतीला, ठावं व्हतं. काढ ती छत्री."

"उद्या काढते."

दुसऱ्या दिवशी काढली नाही. ग्रंथालयात शैवालांवरचं एक पुस्तक होतं, ते घेऊन बसले. मिठागराच्या पाण्यात एका पेशीचं हिरवं शैवाल असतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. त्याला दोन शेपट्या असतात, पोहता येतं, पण दोन बोटं पाण्यात पळून जाणार कुठे. उन्हातले अतिनील किरण पेशीच्या आतली घडण तोडतात. तेव्हा ते गाजरात असतो तो रंग आत साठवायला लागतं, हिरव्या भागाच्या बाहेरच्या कडेला, बारीक बारीक थेंबांनी. ऊन आधी त्या रंगाला लागतं. तरी थोडं तुटतंच, आणि तुटलेलं पेशी सांधत राहते. ऊन आणि खारटपणा वाढला की हा रंग चढतो. सावलीत, पातळ पाण्यात, ते हिरवंच राहतं. ते पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

दहा तारखेला रविवार होता. दुपारी वर गेले. भगवान लोकांच्या जुन्या कुंड्या खाली नेत होता. दोन महिने जे विचारलं नव्हतं ते मी त्याला विचारलं.

"काका किती वेळ पडून होते?"

त्याने कुंडी खाली ठेवली. "ते बाराला वर गेले. मी पावणेदोनला आलो. मधलं मला नाय माहीत, ताई. एक हात ट्रेत गेला असणार, पाणी सांडलेलं. पण मी आलो तेव्हा हात सुका होता. बोटांवर मीठ धरलेलं, पांढरं."

ते मी पुसलं होतं.

मी सुतळीची गाठ सोडायला बसले. ती घट्ट बसली होती, नखांना येईना. लाद्या तापल्या होत्या. आत्या कधी आली कळलं नाही. मागे उभी राहून तिने आपला पदर माझ्या डोक्यावर धरला. गाठ सुटेपर्यंत धरून राहिली. मग मी छत्री मिटली.

नळाचं पाणी पुन्हा घातलं नाही. पाचव्या दिवशी कडा विटेच्या रंगाच्या दिसल्या. आठव्या दिवशी सगळा ट्रे तांबडा झाला होता. आत्या रोज बघून "हं" म्हणायची आणि खाली जायची. वीस तारखेला वर मिठाचा पापुद्रा आला. एकवीसला तिने लाकडी उलथन्याने मीठ एका कोपऱ्यात ओढलं, उरलेलं लाल पाणी निथळू दिलं.

"मूठभर म्हनला व्हता ना? ओंजळभर हाय. धर."

मी दोन्ही हात पुढे केले. मीठ ओलं होतं, किंचित गुलाबी, मोठ्या खड्यांचं. आत्याने बरणी आणली, मी ते बरणीत ओतलं. हातांना राहिलेलं तिथेच उन्हात उभं राहून वाळू दिलं.

संध्याकाळपर्यंत मी हात धुतले नाहीत.