पाडव्याचं शेण

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर सोलापूरजवळच्या कुंभारीला चला. दिवाळीचा पाडवा आहे, नुकतं उजाडतंय. अंगाला उटण्याचा वास आहे, पायाखाली गार फरशी. तुमच्या शेजारी एक म्हातारी कमरेवर रिकामी बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन उभी आहे. तिचं नाव दगडाबाई.

दगडाबाईच्या अंगणात दरसाल पाडव्याला शेणाचे पांडव बसायचे. पाच भाऊ, द्रौपदी, ताक घुसळणारी गवळण, जातं, चूल, भोवती बोटभर उंचीची भिंत. खराट्याच्या काड्यांचे हात, ज्वारीच्या दाण्यांचे डोळे, डोक्यावर झेंडू. विकतचं काही नाही, घरात असेल त्यातच सगळं. ते शिकायला यंदा जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधून तिची नात आरोही आईबाबांबरोबर खास आली होती. पण घरात शेणच नव्हतं. "आईचे गुडघे गेले, जनावराचं कोण करणार?" म्हणून मुलानं, अभिमन्यूनं, पावसाळ्यातच गाय विकली होती. गोठा पाडून अंगणभर फरशी बसवली होती. आईला विचारलं नव्हतं.

नातीचं बोट धरून दगडाबाई समोरच्या महेश्वरीच्या दारात गेली. दावणीला गाय रवंथ करत होती, मागं ताजं शेण वाफाळत होतं.

"महेश्वरी, बुट्टीभर शेण दे गं. पोरीला पांडव शिकवायचं हाय."

पणती लावता लावता महेश्वरी थांबली. "आज, मावशी?"

"आजच की. पांडव काय शिमग्याला घालत्यात व्हय?"

"तसं न्हाय वो. पाडव्याचं शेण भाईर दिलं तर लक्षुमी जाती घरातनं."

"अगं, मी काय परकी हाय? तुझी लेक तापानं फणफणली तवा दूध माझ्याच गायीचं..."

"ते मी इसरले न्हाय." महेश्वरीनं मान खाली घातली. "पर मी नवी नवरी हितं आले, तवा पाडव्याला तुमच्या दारात शेण मागाया उभी हुते. तुमी काय म्हणलासा? 'आज मूठभर शेण बी उंबऱ्याभाईर जात नसतंय, पोरी. शिकून घे.' शिकले की मी. उद्या दोन बुट्ट्या न्या."

हिरव्या चुड्यातले ते रिकामे हात दगडाबाईला आठवले. तेव्हा तिच्या दावणीला सहा जनावरं होती.

घरी आल्यावर सुनेनं, विजयमालानं, रंगीत मातीचा डबा पुढं केला. "आई, ही घ्या. शाळेच्या क्राफ्टची आहे. हातसुद्धा खराब होत नाहीत."

दगडाबाईनं गुलाबी गोळा नाकाशी धरला. "ह्याला गोळ्याबिस्किटाचा वास येतोय. ह्याचा भीम करू का बर्फी?"

आरोही खुदकन हसली. अभिमन्यू हसला नाही. "आई, एवढी चांगली फरशी केलीय, शेण कशाला पाहिजे? फोटोपुढं हात जोडले की झालं."

"तू ल्हान हुतास तवा भीम तूच करायचास. पोट एवढं मोठं करायचास, की त्यो उभाच ऱ्हायचा न्हाय."

अभिमन्यू मोबाइलमध्ये बघत राहिला.

तेवढ्यात महेश्वरीचा नवरा गाय पाण्यावर घेऊन निघाला. गायीनं रस्त्याच्या मधोमध शेण टाकलं. आरोही उठली आणि पळाली.

"आरोही! नवा फ्रॉक!" विजयमाला ओरडली.

पोरगी ओंजळ भरून आली. फ्रॉकवर शेणाचा ओघळ, तोंडावर आनंद.

"टाक ते," दगडाबाई म्हणाली. "त्येंच्या गायीचं हाय. आज न्हाय घ्यायचं. नेम मीच सांगितलेला हाय."

"मग आपल्या गायीचं घेऊ ना, आजी."

"आपली गाय कुटं हाय, बाय?"

आरोहीनं वडिलांकडं पाहिलं. अभिमन्यूनं मोबाइल खिशात घातला.

मग आरोहीनं फरशीवर बसकण मारली. पांडव नाही, गवळण नाही. तिनं आधी चार पाय केले, त्यावर पाठ ठेवली, दोन शिंगं ओढली, शेपूट चिकटवली. "ही आपली," ती म्हणाली. गायीचं तोंड तिनं घराच्या दाराकडं फिरवलं. उरलेलं शेण त्या गायीच्या शेपटीमागं नीट ठेवलं, आणि मग त्यातला गोळा उचलून आजीच्या हातात दिला.