अवधूतचं ॲव्हरेज

श्रीकृष्णने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं, उजवा पाय पेडलवरून उचलला आणि सीटखाली ओढून घेतला. गाडी तशीच धावत राहिली. आर्णी मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि मधून चौपदरी रस्ता सरळ पुढे गेला होता.

"हे क्रूझ कंट्रोल, अवधूतराव. ऐंशीवर लावलं की ऐंशी. ब्रेक दाबेपर्यंत पायाला कामच नाही."

शेजारी अवधूत बसला होता. आपला उजवा पाय मघापासून खालच्या मॅटवर दाबलेला आहे हे त्याच्या लक्षात आलं, तसा त्याने तो हळूच सैल केला.

दोघे साडू. अवधूतची सगळी नोकरी यवतमाळच्या आगारात, एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. डिझेल वाचवण्यात त्याच्या तोडीचा ड्रायव्हर आगारात नव्हता. चढ दिसायच्या आधी तो वेग धरायचा आणि उतार लागायच्या आधी पाय काढायचा. नवे ड्रायव्हर त्याच्या गाडीत मुद्दाम पुढे बसून त्याचा पाय बघत. निवृत्त झाल्यापासून मात्र मोठ्या गाडीला त्याचा हात लागला नव्हता. श्रीकृष्ण पाणीपुरवठ्यात अभियंता होता. तो जन्मभर जीपच्या मागच्या सीटवर बसला आणि नोकरी संपल्यावर त्याने ही गाडी घेतली. आत पलंग, ओटा, बेसिन, छोटा फ्रिज, छतावर वेगळा एसी. चाकांवरचं घरच ते.

घेतली ती केतकीसाठी. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला फार वेळ बसवत नसे. बस, कार, सगळं बंद झालं होतं आणि त्याबरोबर फुलसावंगीचं माहेरही. आज कैक वर्षांनी ती मागच्या पलंगावर आडवी होऊन माहेरी निघाली होती. तिची थोरली बहीण कुंदा, म्हणजे अवधूतची बायको, तिच्या पायाशी बसून ओट्याचे खण उघडून बघत होती. खण उघडला की टक् असा आवाज येई, मिटला की पुन्हा टक्. पुढे बसलेल्या अवधूतला तो प्रत्येक वेळी ऐकू येत होता. या बाईने आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूकडे इतका वेळ पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

"डिझल लय पीत असंल हे बटन," तो म्हणाला.

श्रीकृष्ण म्हणाला की उलट वाचतं, वेग एकसारखा राहतो ना.

"सपाटीवर वाचत असंल. चढावर त्याले अक्कल नाही. वेग पडू द्याचा नाही म्हनून ते नुसता जोर मारते. मानूस पडू देते थोडा, वर गेला की वेग आपसूक भेटते."

"चढाचं खरं आहे तुमचं," श्रीकृष्णने लगेच मान्य केलं. "पण दिवसभर पाय एकसारखा ठेवणारा माणूस कुठून आणायचा?"

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. अवधूतला ते वाकडंच लागलं. असा माणूस शेजारी बसलेला असताना हा विचारतो, माणूस कुठून आणायचा.

वाटेत श्रीकृष्णने दोनदा गाडी थांबवली. केतकीला हाताला धरून उतरवलं, चार पावलं चालवलं, पुन्हा झोपवलं. निघताना यवतमाळला टाकी काठोकाठ भरली होती, महागावच्या पंपावर पुन्हा तशीच भरली आणि मोबाइलवर हिशेब करून आलेला आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. एवढ्या जड गाडीच्या मानाने तो चांगला होता. अवधूतने तो ऐकला आणि पंपावरच्या हवेच्या यंत्राकडे बघत राहिला.

फुलसावंगीला बहिणींचा भाऊ बापूजी रस्त्यावरच उभा होता. पाठोपाठ गल्ली जमली. बापूजी एकेकाला आत नेऊन पलंग, बेसिन, फ्रिज दाखवत होता आणि "आमच्या जावयाची गाडी हाय," असं सांगत होता. या घरात इतकी वर्षं नुसतं जावई म्हटलं की ते अवधूतला असायचं. फाट्यावर एसटी थांबवून खाकी कपड्यांत तो खाली उतरला की पोरं धावत येत. आज त्याला कोणीतरी विचारलं, तुम्ही ड्रायव्हर म्हणून आलात का सोबत. विचारणारा ओळखीचा नव्हता आणि त्याने साधंच विचारलं होतं.

संध्याकाळी अंगणात साडीची घडी घालता घालता कुंदा म्हणाली, "केतकी म्हन्ते, दिवाळी झाली की समुद्र पाहाले नेते मले."

"जाय ना मंग."

"तुमी जनमभर लोकायले गावोगाव नेलं. मले कधी नेलं?"

भांडणाचा सूर नव्हता. सुट्टी मिळत नव्हती, हे उत्तर तिला पाठ होतं, म्हणून त्याने ते दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, गाडीभोवती सगळे जमलेले असताना अवधूत मोठ्याने बोलला, "वापस जाताना मी चालवतो. बटन न लावता. मंग पाहू कोनाचं ॲव्हरेज जास्त निंगते." श्रीकृष्णला ती कल्पना इतकी आवडली की त्याने तिथेच किल्ली त्याच्या हातात दिली.

महागावला पुन्हा टाकी भरून ते निघाले. पहिल्या काही किलोमीटरांतच गाडी अवधूतच्या पायात आली. एका लांब उतारावर त्याने पाय पूर्ण काढला आणि गाडी जवळजवळ पुढच्या चढाच्या माथ्यापर्यंत आपल्याच वजनाने गेली. त्याला आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. शेजारी श्रीकृष्ण म्हणाला, तुम्ही चालवताय म्हटल्यावर मला बिनधास्त झोप येईल, केतकीला घेऊन निघायचं म्हटलं की एरवी आदल्या रात्रीही डोळा लागत नाही. आणि खरोखरच त्याची मान कलली.

ऑक्टोबरचं ऊन काचेवर आलं होतं. मागच्या एसीचा भार इंजिनावर पडत होता. चढाला लागलं की तो अवधूतच्या तळपायाला कळत होता. त्याने एकदा श्रीकृष्णकडे पाहिलं. मग डॅशबोर्डवरचं मागच्या एसीचं बटण बंद केलं. हा चढ होईपर्यंत, असं त्याने मनाशी म्हटलं. चढ झाला. गाडी हलकी धावायला लागली आणि बटण तसंच राहिलं. वेगही त्याने बराच खाली आणला. ट्रक हॉर्न देत पुढे जात होते.

आर्णीच्या अलीकडे पडद्यामागून कुंदाने विचारलं, "जरासक थांबता का? केतकीले उतराचं हाय."

थांबलं की पुन्हा वेग घेताना गाडी डिझेल ओढणार होती.

"आलंच आता," तो म्हणाला.

यवतमाळ अजून बरंच दूर होतं, हे तिलाही माहीत होतं. पडदा पुन्हा हलला नाही. श्रीकृष्ण झोपेतच होता.

यवतमाळच्या पंपावर ऊन कलायला लागलं होतं. पोचायला जातानापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला होता. टाकी काठोकाठ भरली. श्रीकृष्णने डोळे चोळत हिशेब केला, पुन्हा केला आणि मोठ्याने हसला. अवधूत जिंकला होता. थोड्याथोडक्याने नाही, चांगलाच. श्रीकृष्ण पंपावरच्या माणसांना सांगायला लागला की हे आमचे साडू, यांच्या पायापुढे मशीन हरलं. "मानलं तुम्हाला," असं म्हणून त्याने अवधूतचा हात दोन्ही हातांत धरला. अवधूतने हात धरू दिला. क्रूझ त्याच्या पायामुळे हरलं होतं, की बंद एसी आणि कमी वेगामुळे, हे तिथे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

तेवढ्यात बाजूचं दार आतून सरकलं आणि आतली कोंडलेली गरम हवा बाहेर आली. मागच्या खिडक्या उघडत नव्हत्या. कुंदाचा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. केतकी ओट्याची कड धरून उठायचा प्रयत्न करत होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ पांढरे पडले होते. श्रीकृष्ण धावत आत गेला.

"एसी बंद कसा?" त्याने विचारलं.

कुंदाने अवधूतकडे पाहिलं. केतकीने मात्र पाहिलं नाही.

"मीच सांगतलं भाऊजीले," ती म्हणाली. "पाठीले गार लागून राह्यलं होतं." मग दम घेऊन तिने विचारलं, "जिंकले का भाऊजी?"

श्रीकृष्ण हो म्हणाला आणि बाटलीतलं पाणी आपल्या रुमालावर ओतायला लागला.

अवधूत दाराच्या पायरीशी उभा होता. कुंदा खाली उतरून त्याच्याजवळ आली. तिचा आवाज फक्त त्याच्यापुरता होता.

"मी दोनदा उठलती तुमाले सांगाले. तिनंच माहा हात धरला. म्हने, भाऊजी किती दिसानं गाडी चालवून राह्यले, चालवू दे."

खरं सांगून टाकायला अवधूत श्रीकृष्णराव, अशी हाक मारणार होता. शब्द ओठांपर्यंत आला. आत श्रीकृष्ण बायकोच्या मानेवर ओला रुमाल ठेवत होता. त्याची पाठ अवधूतकडे होती. मागे वळून तो म्हणाला, "घरापर्यंत तुम्हीच चालवा, अवधूतराव. मी इथे बसतो."

"नाही," अवधूत म्हणाला. "तुमी चालवा. मी बसतो मांगं."

त्याने किल्ली पुढे केली आणि श्रीकृष्णच्या हातात ठेवली. इंजिन सुरू झालं. छतातून गार वारा यायला लागला. अवधूत पहिल्यांदाच मागच्या भागात चढला आणि पलंगासमोरच्या अरुंद बाकावर टेकला. केतकी डोळे मिटून पडली होती. तिचा श्वास हळूहळू सावकाश होत होता. कुंदाने बहिणीच्या मानेवरून ओला रुमाल उचलला, बेसिनवर पिळला, पुन्हा भिजवला आणि नवऱ्याकडे न बघता त्याच्या हातात दिला.

त्याने तो केतकीच्या कपाळावर ठेवला. गाडी शहराच्या खड्ड्यांतून हेलकावत निघाली, तसा रुमाल घसरायला लागला. मग घर येईपर्यंत त्याने तो दोन बोटांनी तसाच धरून ठेवला.