शेरूच्या गळ्यातला ओंडका

मित्रांनो, शेवटी तो कुत्रा बाळीचाच ठरला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काहीही झालेलं नाही. आपण नीट सुरुवात करू.

मी एक जुना ओंडका आहे. जनावराच्या गळ्यात बांधला की मला लोढणं म्हणतात, सोडला की नुसतं लाकूड. माझा जन्म खोडाळ्याजवळच्या एका पाड्यालगत, ऐनाच्या झाडावर झाला. फांदी म्हणून माझं बरं चाललं होतं. पण राघोची ढवळी गाय रोज लोकांच्या नागलीच्या शेतात शिरायची, आणि शिक्षा मला झाली. राघोनं मला तोडलं, हातभर कापलं, तासलं आणि दोरीनं ढवळीच्या गळ्यात अडकवलं. ती पळायला लागली की मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचो. दोघांनाही लागायचं.

माझ्या अंगावर राघोनं कोयत्यानं दोन खाचा पाडल्या. आमच्या पाड्यावर ज्याची खाच त्याचं जनावर. पुढे चौकशी नाही. वाट चुकलेली ढवळी त्या खाचांमुळे कितीदा तरी घरी आली, आणि लोक म्हणाले, ‘लोढणं असावं तर राघोसारखं.’ माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच. पुढे ढवळी म्हातारी होऊन गेली. मी दाराचा अडसर झालो, मग कोंबडीची बैठक. कोंबडी बसल्या बसल्या काय काय करते ते मी सांगणार नाही. लहान मुलं वाचत असतील.

राघो आणि त्याची बायको बाळी मजुरीवर जगणारी माणसं. जमीन नाही. होती ती चांदी नावाची शेळी आणि तिचं करडू. पाड्याच्या खालच्या अंगाला चंद्रकांतशेठनं प्लॉट घेतला. शेठचं दुकान बाजारात. प्लॉटच्या राखणीला त्यांनी शेरू नावाचा कुत्रा आणला आणि मोकळा सोडला. गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘आपला शेरू जातिवंत आहे, वाघाला भीत नाही.’ वाघ काही आला नाही. शेरूनं बाळीचं करडू फाडलं.

बाळी दुकानावर गेली.

“शेठ, तुमचे शेरूनं माझं करडू मारलं.”

“कोण शेरू?”

“तुमचा कुत्रा.”

“माझा? गळ्यात पट्टा आहे का त्याच्या?”

“आज नाय.”

“मग मालक कोण म्हणायचा? ज्याचं जनावर तो त्याच्या गळ्यात काहीतरी बांधतोच, बाळी.”

बाळी घरी आली. चांदी पुन्हा गाभण होती, आणि शेरू अजून मोकळाच होता. तिनं कोंबडीला उठवलं आणि मला उचललं.

राघो म्हणाला, “अगो, ते गाईचं हाये.”

“गाय कुठं हाये?”

राघोनं दोरी आणून दिली. बाळीनं शेरूपुढे सुक्या बोंबलाची डोकी टाकली. त्याचं खाऊन होईतो मी त्याच्या गळ्यात होतो.

मित्रांनो, गाय गुडघ्याला लागलं की थांबते. शेरू पळायचा, मी आपटायचो, मग तो थांबून मला चावायचा. पण शेळ्या वाचल्या. त्या त्याच्या पुढून मुद्दाम सावकाश चालत जायच्या. पाड्यानं बाळीला शाबासकी दिली. मला कोणी काही म्हणालं नाही.

मग पळणारी शेळी मिळेना म्हणून शेरूनं न पळणारी शोधली. शेजारच्या जिवाचा बोकड खुंट्याला बांधलेला होता.

जिवा धावत आला तेव्हा शेरू तिथंच होता. मी असताना तो जाणार कुठं? जिवानं मला उलटं केलं, दोन खाचा पाहिल्या आणि थेट बाळीचं दार गाठलं.

“बाळीबाय, तुझे कुत्र्यानं माझा बोकड मारला.”

“माझे कुत्र्यानं?”

“खाच कोणाची हाये?”

सगळा पाडा आंब्याखाली जमला. चंद्रकांतशेठही आले, कायद्याच्या बाजूनं. पोलीस पाटील नितीन म्हणाले, “मोकाट जनावरानं नुकसान केलं तर मालक जबाबदार. कायदाच आहे तसा. आवरायचं, नाहीतर भरून द्यायचं.”

“अगदी बरोबर,” शेठ म्हणाले. “मालकाला मुळीच सोडू नका.”

“अहो, शेरू शेठचा हाये, सगल्यांना म्हायती हाये!” राघो ओरडला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोरीखाली शेरूच्या मानेवर पट्ट्याची जुनी रेघ होती, केस झडलेली. पण रेघेवर कोणाची खाच नव्हती. खाचा माझ्या अंगावर होत्या, आणि त्या ओरडणाऱ्या राघोनंच पाडलेल्या.

बाळी उठली. “बरा. माझा तर माझा. चल रं शेरू.” दोरी धरून ती निघाली.

“अगं, नेतेस कुठं?” शेठ ताडकन उभे राहिले. “प्लॉटवर कोण बसणार?”

“माझा कुत्रा तुमचे प्लॉटवर कशाला बसंल?”

“जातिवंत आहे तो! चांगल्या घरातून आणलाय मी!”

बाळी थांबली. “आणलाय ना? मंग जिवाला बोकड द्या.”

शेठ हळूच खाली बसले. “आणलाय म्हणजे... तो आपण होऊनच आला होता.”

जिवा भला माणूस. त्यानं चांदी मागितली नाही. चांदीला होईल ते करडू त्याचं, दोन झाली तर एक बाळीचं, असं ठरलं. एकच झालं तर काय, हे बाळी कोणाला विचारत नाही. ती येताजाता चांदीच्या पोटावर हात ठेवून बघते.

शेरू आता आमच्याच अंगणात असतो. खुंट्याची दोरी चावून तोडतो, पण माझी गाठ त्याच्या दाताला लागत नाही. मी ‘खट’ वाजलो की बाळी हातातलं टाकून धावते. मी बराच वेळ वाजलो नाही, की त्याहून जोरात धावते. आणि दुकानात शेठ सांगतात, ‘आपला शेरू हल्ली पाड्यावर असतो. वाघाला भीत नाही.’

मित्रांनो, कुत्रा जरूर पाळा. पण त्याला ‘माझा’ म्हणत असाल, तर तो चावेल त्या दिवशीही म्हणा. बाकी माझं म्हणणं मी रीतसर मांडतो.

माननीय साहेबांस, दोन खाचा असलेल्या अर्जदाराची नम्र विनंती की, यापुढे कुत्रा मोकाट सोडल्यास लोढणं कुत्र्याच्या नव्हे, तर त्याला आणणाऱ्याच्या गळ्यात बांधण्यात यावे, व त्याला खोडाळ्याच्या बाजारातून एकदा पळवून पाहण्यात यावे. अर्जदार त्वरित कामावर रुजू होण्यास तयार आहे. दोरी नवीन मिळावी. कोंबडीची हरकत नाही.